सांध्यांत अडकलेलं विमान : एअरबस ए४००एमच्या इंजिनाचं प्रकरण

लष्करी मालवाहू विमानाची रचना मालापासून सुरू होते. ए४००एमच्या बाबतीत तो माल म्हणजे ३० टनांच्या आसपासचं चिलखती वाहन. १९८० च्या दशकात युरोपातल्या हवाई दलांकडे मुख्यतः दोन विमानं होती, अमेरिकन सी-१३० हर्क्युलिस आणि फ्रान्स-जर्मनीचं ट्रान्सॉल सी-१६०. हर्क्युलिसच्या मालकक्षाची रुंदी जेमतेम तीन मीटर आणि उचल २० टनांपर्यंत, तर ट्रान्सॉलची १६ टन. नवी चिलखती वाहनं या दोन्हींमध्ये शिरत नव्हती, आणि शिरली असती तरी विमान उठलं नसतं. दुसऱ्या टोकाला पुढे अमेरिकेचं सी-१७ आलं. उचल ७० टनांच्या पुढे, पण किंमत आणि आकार दोन्ही युरोपीय खिशाला न झेपणारे. या दोघांच्या मधली जागा रिकामी होती.

ती भरण्यासाठी ठरलेली मापं अशी : मालकक्ष ४ मीटर रुंद, जवळजवळ तेवढाच उंच, रॅम्प सोडून १७.७ मीटर लांब. नेहमीच्या कामगिरीसाठी ३२ टन, कमाल ३७ टन. भरलेल्या विमानाचं कमाल वजन १४१ टन. वेग ध्वनीच्या ०.७२ पट, म्हणजे जवळपास जेट प्रवासी विमानाइतका. शिवाय कच्च्या, छोट्या धावपट्टीवर उतरता आलं पाहिजे, छत्रीसैनिक सोडता आले पाहिजेत आणि हवेत दुसऱ्या विमानांना व हेलिकॉप्टरांना इंधनही पाजता आलं पाहिजे. जर्मनीचं प्यूमा हे चिलखती वाहन तर हवाई वाहतुकीच्या रूपात या मर्यादेत बसावं म्हणून ३१.५ टनांच्या आत ठेवलं गेलं. विमान वाहनासाठी बनत होतं आणि वाहन विमानासाठी. एकाचं वजन वाढलं की दुसऱ्याचं गणित कोसळणार.

या यादीतली प्रत्येक गोष्ट वेगळी घेतली तर कुणी ना कुणी करून दाखवलेली आहे. अवघड आहे ते सगळं एकाच विमानात कोंबणं. त्याहून अवघड म्हणजे, ते आठ-दहा कंपन्यांनी आणि सात सरकारांनी मिळून करणं. या प्रकरणात धातू फारसा दगा देत नाही. थोडा देतो, त्याकडे येऊच. दगा देतात ते सांधे : करार आणि वेळापत्रक यांच्यातला, इंजिन आणि विमान यांच्यातला, नागरी आणि लष्करी नियमांमधला, आणि शेवटी सॉफ्टवेअर आणि त्यात भरलेल्या आकड्यांमधला. इंजिनाचा धागा धरला की हे सगळे सांधे एकामागोमाग एक हाताला लागतात.

वीस वर्षं नुसती जुळवाजुळव

कल्पना १९८२ ची. फ्रान्सची एरोस्पासियाल, ब्रिटिश एरोस्पेस, जर्मनीची एमबीबी आणि अमेरिकेची लॉकहीड यांनी मिळून नव्या मालवाहू विमानाचा अभ्यास सुरू केला. १९८९ मध्ये लॉकहीड बाहेर पडली आणि आपल्याच हर्क्युलिसची नवी आवृत्ती, सी-१३०जे, करायला लागली. स्पेनची कासा आणि इटलीची आलेनिया आत आल्या. पुढे इटलीच बाहेर पडली. पोर्तुगालही गेला. जर्मनीने आधी ७३ विमानं मागितली होती, अर्थसंकल्पाच्या ओढाताणीत ती ६० वर आली. घोंगडं वीस वर्षं भिजत राहिलं आणि प्रत्येक फेरीत विमानांची संख्या घटत गेली.

अखेर २७ मे २००३ ला युरोपीय संयुक्त शस्त्रखरेदी संस्था ओकार आणि एअरबसची लष्करी उपकंपनी यांच्यात करार झाला. जर्मनी ६०, फ्रान्स ५०, स्पेन २७, ब्रिटन २५, तुर्की १०, बेल्जियम ७ आणि लक्झेंबर्ग १, अशी १८० विमानं. किंमत सुमारे २० अब्ज युरो. पहिलं उड्डाण २००८ च्या सुरुवातीला, पहिली सुपूर्दगी २००९ मध्ये.

या करारातली मेख ही की विकास आणि उत्पादन एकाच ठरावीक किमतीच्या कंत्राटात बांधलेलं होतं. लष्करी विमानांची नेहमीची पद्धत वेगळी. आधी विकासाचं कंत्राट, त्यात जोखीम सरकारची. नमुना उडाला, आकडे कळले, की मग उत्पादनाचं कंत्राट. इथे सरकारांना खर्चाची हमी हवी होती आणि एअरबसला कामाची. म्हणून 'प्रवासी विमान विकतो तसं विकू' असं ठरलं. प्रवासी विमानात ते जमतं, कारण तिथे विमानाचे गुण कंपनी स्वतः ठरवते, इंजिनही स्वतःच्या मर्जीने निवडते, आणि ग्राहकाला घे नाहीतर सोड म्हणू शकते. इथे यातली एकही मुभा नव्हती. जोखीम मात्र प्रवासी विमानासारखी पूर्णपणे कंपनीच्या डोक्यावर. कागदावर साडेसहा वर्षांत इंजिनासकट नवं विमान. हा आकडा कुणी कसा मान्य केला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी निवडलेलं इंजिन

वेगाची आणि कच्च्या धावपट्टीची अट एकत्र आली की टर्बोप्रॉपला, म्हणजे टर्बाइनच्या जोरावर प्रॉपेलर फिरवणाऱ्या इंजिनाला, पर्याय राहत नाही. जेट इंजिन जमिनीलगत धूळ-खडे ओढतं, कमी वेगात इंधन जास्त पितं आणि लिव्हर पुढे केल्यावर जोर यायला वेळ घेतं. प्रॉपेलर पात्यांचा कोन बदलून जवळजवळ लगेच जोर देतो आणि उलटा कोन देऊन विमानाला मागेही ढकलतो. पण ध्वनीच्या ०.७२ पट वेगाच्या आसपास प्रॉपेलरच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाच्या फार जवळ जातात, आवाज वाढतो आणि कार्यक्षमता पडते. म्हणून रातिए-फिजॅक या फ्रेंच कंपनीचा ५.३ मीटर व्यासाचा, आठ पात्यांचा प्रॉपेलर घेतला. पाती पातळ आणि तलवारीसारखी मागे वळलेली. तो फिरवायला दर इंजिनाला सुमारे ११,००० अश्वशक्ती हवी. पाश्चात्त्य जगात एवढ्या ताकदीचं टर्बोप्रॉप तेव्हा उत्पादनात नव्हतं.

युरोपीय इंजिन कंपन्यांचा पहिला प्रस्ताव राफालच्या एम८८ इंजिनाचा गाभा वापरून केलेला होता. तो वजन आणि इंधनखर्चात बसेना म्हणून २००२ मध्ये निवड पुन्हा खुली झाली. मग दोन प्रस्ताव उरले. एक प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचा. दुसरा युरोप्रॉप या नव्या मंडळीचा, म्हणजे जर्मनीची एमटीयू, फ्रान्सची स्नेक्मा, ब्रिटनची रोल्स-रॉइस आणि स्पेनची आयटीपी. त्या वेळच्या बातम्यांनुसार कॅनडाचा प्रस्ताव सुमारे २० टक्के स्वस्त होता. पण पैसे देणारी सरकारं युरोपीय होती आणि त्यांना काम युरोपात हवं होतं. ६ मे २००३ ला युरोप्रॉपचं टीपी४००-डी६ निवडलं गेलं, आणि बरोबर तीन आठवड्यांनी विमानाचा करार झाला. म्हणजे एअरबसने ठरावीक किमतीवर सही केली तेव्हा विमानाचा सर्वांत जोखमीचा भाग एका अशा मंडळीकडे होता जिने एकत्र येऊन अजून एकही इंजिन बनवलेलं नव्हतं. आणि तिची निवड एअरबसची नव्हती.

कामाची वाटणीही देशांच्या हिशोबाने झाली. मधल्या दाबाचा कॉम्प्रेसर-टर्बाइन आणि नियंत्रणाचं सॉफ्टवेअर एमटीयूकडे, उच्च दाबाचा कॉम्प्रेसर रोल्स-रॉइसकडे, ज्वलनकक्ष आणि उच्च दाबाचं टर्बाइन स्नेक्माकडे, शेवटचं टर्बाइन आयटीपीकडे. टर्बाइनचा वेग प्रॉपेलरच्या वेगावर उतरवणारी गिअरबॉक्स इटलीच्या आव्हिओकडे. इटलीने विमान घेतलं नाही, पण गिअरबॉक्स त्यांचीच.

गिअरबॉक्सची एक गंमत आहे आणि तिचं महत्त्व पुढे कळतं. नेहमीच्या चार इंजिनांच्या विमानात सगळे प्रॉपेलर एकाच दिशेने फिरतात. ए४००एममध्ये एकाच पंखावरचे दोन प्रॉपेलर एकमेकांच्या विरुद्ध फिरतात, असे की दोन इंजिनांच्या मधल्या जागेत दोन्हींची पाती वरून खाली येतात. त्यामुळे पंखावरची हवा डाव्या-उजव्या बाजूला सारखी राहते. बाहेरचं इंजिन बंद पडलं तरी विमानाला बसणारा बाजूचा हिसका कमी होतो आणि उभी शेपटी लहान करता येते. वजन वाचतं. किंमत अशी की इंजिनं चारही सारखीच फिरतात, म्हणून निम्म्या गिअरबॉक्समध्ये दिशा उलटवणारं एक जादा चाक घालावं लागतं. गिअरबॉक्सचे दोन प्रकार, सुट्या भागांचे दोन साठे आणि बिघाडाच्या दोन तऱ्हा.

सॉफ्टवेअर चालत होतं, कागद नव्हते

इंजिन चाचणीबाकावर पहिल्यांदा २००५ च्या ऑक्टोबरात फिरलं आणि पुढच्या वर्षी प्रॉपेलरसकट. यांत्रिकदृष्ट्या अडचणी होत्या, पण नव्या इंजिनाला असतात तशाच. घोडं अडलं ते नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरपाशी.

टर्बोप्रॉपचं संगणकीय नियंत्रण जेटपेक्षा गुंतागुंतीचं असतं. जेटमध्ये मुख्यतः इंधन सांभाळायचं. इथे इंधन आणि पात्यांचा कोन दोन्ही एकाच वेळी सांभाळायचे, जमिनीवर वेगळे, हवेत वेगळे, उलट्या जोरात वेगळे. इंजिन बंद पडलं तर पाती लगेच हवेच्या रेषेत वळवायची, नाहीतर तीच पाती ब्रेकसारखी विमान ओढून धरतात. ही सगळी कामं फॅडेक या प्रणालीकडे आहेत. वैमानिकाची लिव्हर फक्त विनंती करते.

आता नागरी आणि लष्करी नियमांमधला सांधा. ए४००एमला लष्करी मान्यतेबरोबर युरोपच्या नागरी हवाई सुरक्षा संस्थेचं प्रमाणपत्रही हवं होतं. युरोपच्या आकाशात, प्रवासी विमानांच्या गर्दीतून, विनाअडथळा उडायचं म्हणून. नागरी नियमांत इंजिनाच्या नियंत्रणाचं सॉफ्टवेअर सर्वांत कडक श्रेणीत येतं. तिथे सॉफ्टवेअर नीट चालतं एवढं पुरत नाही. सॉफ्टवेअरच्या कोडमधली प्रत्येक ओळ कोणत्या लेखी गरजेतून आली, त्या गरजेची चाचणी कोणती, चाचणीत कोडचा प्रत्येक फाटा तपासला गेला की नाही, हा माग दोन्ही दिशांनी लावता आला पाहिजे. लष्करी इंजिनांच्या परंपरेत वाढलेल्या मंडळींनी हा माग पहिल्या दिवसापासून ठेवला नव्हता. आणि तो नंतर जोडता येत नाही. घर बांधून झाल्यावर पायाचा नकाशा काढायला बसण्यासारखं ते आहे. भिंती पुन्हा उकराव्याच लागतात.

२६ जून २००८ ला स्पेनमधल्या सेव्हियाच्या कारखान्यातून पहिलं विमान स्पेनच्या राजाच्या हजेरीत थाटात बाहेर आलं. बाहेर आलं, पण उडू शकत नव्हतं. सप्टेंबरमध्ये पालक कंपनी ईएडीएसने पहिलं उड्डाण बेमुदत पुढे ढकललं आणि कारण दिलं इंजिनाचं. टीपी४०० हवेत नेऊन पाहण्यासाठी केंब्रिजच्या मार्शल कंपनीने एका जुन्या हर्क्युलिसच्या डाव्या आतल्या इंजिनाच्या जागी ते बसवलं होतं. तीन इंजिनं चार पात्यांची आणि एक आठ पात्यांचं राक्षस, असं ते विचित्र विमान १७ डिसेंबर २००८ ला उडालं. मूळ वेळापत्रकाप्रमाणे तोवर खुद्द ए४००एम उडून जवळपास वर्ष व्हायला हवं होतं.

करारात कलम होतं : पहिलं उड्डाण १४ महिन्यांहून जास्त लांबलं तर देशांना करार मोडण्याचा हक्क. १ एप्रिल २००९ ला तो हक्क जागा झाला. देशांनी तो लगेच वापरला नाही, पण टेबलावर ठेवून वाटाघाटी केल्या. बाहेरचा ग्राहक दक्षिण आफ्रिका मात्र नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या आठ विमानांसह निघून गेला. मलेशिया चार विमानांसाठी थांबला.

एअरबसच्या आतही एक सांधा निसटलेला होता. करार करणारी लष्करी उपकंपनी छोटी, तिचं मुख्यालय स्पेनमध्ये, अभियंत्यांचा मोठा फौजफाटा फ्रान्सच्या तुलूझमध्ये आणि तो त्या वर्षांत ए३८० या प्रवासी विमानाच्या वायरिंगच्या संकटात आकंठ बुडालेला. २००९ च्या सुमारास ही रचना मोडून लष्करी विभाग एअरबसमध्ये नीट गुंफला गेला. आधी केलं असतं तर किती वर्षं वाचली असती हे सांगणं अवघड, पण काही नक्की वाचली असती.

पहिलं उड्डाण आणि दुसरा करार

११ डिसेंबर २००९. सेव्हियाहून १२७ टन वजनाने विमान उठलं आणि पावणेचार तासांनी परत उतरलं. चाचणीत ते चांगलं उडालं. वैमानिकांच्या तक्रारी इंजिनाबद्दल आणि प्रणालींच्या अपुरेपणाबद्दल होत्या, विमानाच्या वागण्याबद्दल फारशा नव्हत्या. कार्बन तंतूंचा पंख, वैमानिकाच्या बाजूला बसवलेली साइड-स्टिक ही नियंत्रणाची दांडी, तारेवरून चालणारं नियंत्रण, सहा-सहा चाकांचं लँडिंग गिअर, या एअरबसच्या घरच्या गोष्टी होत्या आणि त्या बऱ्यापैकी वेळेत जमल्या. सुरुवातीची विमानं अपेक्षेपेक्षा जड निघाली. म्हणजे उचल किंवा पल्ला कमी. पण ती वजनं पुढच्या विमानांत उतरवता येण्यासारखी होती.

मार्च २०१० मध्ये तत्त्वतः आणि ७ एप्रिल २०११ ला सहीनिशी नवा करार झाला. देशांनी किंमत २ अब्ज युरोंनी वाढवली, उशिराचा दंड सोडला आणि आणखी दीड अब्ज भावी निर्यातीच्या वाट्यापोटी दिले. बदल्यात विमानं १८० वरून १७० झाली : जर्मनी ५३, ब्रिटन २२. बाकीचा तोटा ईएडीएसने सोसला.

या करारातला सर्वांत परिणामकारक बदल पैशांचा नव्हता. विमान पूर्ण क्षमतेने एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. आधी नुसती माल-माणसांची ने-आण, मग हवेतून माल टाकणं, मग इंधन पाजणं, स्वसंरक्षण, शेवटी आपोआप जमिनीलगत उडणं. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्याला आधी दिलेली विमानं परत कारखान्यात आणून बदलावी लागली आणि हवाई दलांकडे एकाच नावाची पण वेगवेगळ्या कुवतीची विमानं उभी राहिली. हँगरमधल्या माणसाला विचारावं लागे, हे यातलं कोणतं?

इंजिनाला नागरी प्रमाणपत्र मे २०११ मध्ये मिळालं, विमानाला पूर्ण प्रमाणपत्र १३ मार्च २०१३ ला. मधल्या काळात गिअरबॉक्स डोकं वर काढत होती. २०११ च्या पॅरिस प्रदर्शनात तिच्यामुळे प्रात्यक्षिकं आखडती घ्यावी लागली आणि २०१२ च्या ब्रिटनमधल्या फार्नबरो प्रदर्शनात एका इंजिनाच्या तेलात धातूचे कण सापडल्याने उड्डाणाचं प्रात्यक्षिक रद्द झालं. तेलातले कण हा गिअरबॉक्सचा रक्ततपास असतो. तेलाच्या वाटेवर चुंबकी बूच बसवलेलं असतं, त्यावर कण चिकटले की आत कुठेतरी धातू झिजतोय हे कळतं. कुठे, ते उघडल्याशिवाय कळत नाही.

१ ऑगस्ट २०१३ ला पहिलं विमान फ्रान्सला मिळालं आणि वर्ष संपायच्या आत ते आफ्रिकेतल्या माली देशात माल पोचवत होतं. तुर्की, ब्रिटन, जर्मनी २०१४ मध्ये. मूळ तारखेपेक्षा चार वर्षं उशिरा का होईना, गाडी रुळावर आली असं वाटलं.

९ मे २०१५, सेव्हिया

तुर्कीसाठी बांधलेलं २३ क्रमांकाचं विमान त्या दिवशी पहिल्यांदा उडालं. काही मिनिटांत चारपैकी तीन इंजिनं वैमानिकांचं ऐकेनाशी झाली. परत उतरण्याच्या प्रयत्नात विमान विजेच्या मनोऱ्याला धडकून पडलं. सहापैकी चौघांचा मृत्यू झाला, दोघे गंभीर जखमी झाले.

झालं काय ते समजायला टॉर्कचं मापन समजून घ्यावं लागतं. प्रॉपेलरला किती ताकद जाते हे मोजण्यासाठी दांड्याला पडणारा पीळ मोजतात. दांड्याच्या दोन टोकांच्या खुणा ताकद लागली की एकमेकींपासून किंचित सरकतात, त्या सरकण्यावरून टॉर्क काढतात. पण प्रत्येक दांड्याचा ताठरपणा किंचित वेगळा असतो. म्हणून प्रत्येक इंजिनाच्या मापांची चाचणीबाकावर जुळणी होते आणि त्या इंजिनाचे स्वतःचे आकडे त्याच्या नियंत्रण संगणकात भरले जातात. हे आकडे म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे, सॉफ्टवेअरला लागणारी माहिती. ती नसेल तर संगणकाला सरकणं दिसतं, पण त्याचा अर्थ लागत नाही.

सेव्हियाच्या अंतिम जोडणीत सॉफ्टवेअर भरताना तीन इंजिनांचे हे आकडे पुसले गेले. जमिनीवर कॉकपिटमध्ये कोणताही इशारा आला नाही. रचनाच अशी होती की पहिला इशारा विमान ४०० फुटांवर गेल्यावर येणार. आणि टॉर्कची माहिती हरवली की संगणकाने काय करायचं? ताकद आहे तिथे गोठवायची. वैमानिकाने ताकद कमी करायला लिव्हर तळाला आणली तर इंजिन तळाशीच अडकून राहायचं, पुन्हा वर यायचं नाही.

एका इंजिनासाठी हा विचार योग्यच आहे. माप भरवशाचं नसताना इंजिनाला मनमानी करू देण्यापेक्षा ते शांत बसवलेलं बरं, उरलेली तीन आहेतच. सुरक्षेचं सगळं गणित इंजिनं एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडतात या गृहीतावर उभं असतं. धातूचं दातेरी चाक खरोखरच असं बिघडतं. पण एकाच माणसाने, एकाच साधनाने, एकाच दुपारी चार इंजिनांत भरलेली माहिती स्वतंत्र नसते. एक चूक झाली की तीच चूक तिप्पट.

वृत्तसंस्थांनी नंतर दिलेल्या माहितीनुसार इंजिन बनवणाऱ्यांनी २०१४ च्या अखेरीस असा इशारा दिला होता की, सॉफ्टवेअर भरताना माहिती पुसली जाऊ शकते आणि ते जमिनीवर कळणार नाही. म्हणजे धोका कुणाला ठाऊकच नव्हता असं नाही. ज्याला ठाऊक होता त्याच्या हातात लोडिंगचं साधन नव्हतं, आणि ज्याच्या हातात साधन होतं त्याच्या कामाच्या यादीत तो इशारा एक पायरी म्हणून उतरला नव्हता. एअरबसच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे जाहीरपणे मान्य केलं की दोष अंतिम जोडणीतल्या गुणवत्तेचा होता, विमानाच्या रचनेचा नव्हे. मला हे अर्धंच पटतं. तीन संगणकांत महत्त्वाची माहितीच नसताना जमिनीवर एकही दिवा लागत नसेल, तर तो रचनेचाही प्रश्न आहे.

२००८ मध्ये हेच विमान अडलं होतं ते सॉफ्टवेअरच्या कागदपत्रांवर. ती पुढे चोख झाली, प्रत्येक ओळीचा माग लागला, प्रमाणपत्र मिळालं. २०१५ मध्ये त्या प्रमाणित सॉफ्टवेअरने ठरलेलं काम ठरल्याप्रमाणेच केलं. तपासणीच्या जाळ्यातून सुटली ती बाजूची आकड्यांची फाइल.

१९ मे २०१५ ला एअरबसने सगळ्या वापरकर्त्यांना तातडीची सूचना पाठवली : पुढच्या उड्डाणापूर्वी प्रत्येक इंजिनाच्या नियंत्रण संगणकाची एकदा तपासणी करा. यापुढे इंजिन किंवा संगणक बदलला तर जादा, तपशीलवार तपासण्या करा. ब्रिटन, जर्मनी, तुर्की, मलेशिया यांनी विमानं थांबवली होती. फ्रान्सने फक्त अत्यावश्यक कामांपुरती उडवली. स्पेनने नव्या विमानांच्या चाचणी उड्डाणांवरची बंदी जूनमध्ये उठवली.

मग धातू

२०१६ हे वर्ष खऱ्या अर्थाने धातूचं. गिअरबॉक्समध्ये भेगा आणि झीज सापडली, एकाच दिशेने फिरणाऱ्या इंजिनांच्या. संशय उष्णता-प्रक्रियेवर गेला. दातेरी चाकांचा पृष्ठभाग कडक आणि गाभा लवचीक राहावा म्हणून ती तापवून-थंड करून पक्की करतात, त्यात थोडी चूक झाली की दाताच्या मुळाशी ताण साचतो. युरोपीय सुरक्षा संस्थेने काही गिअरबॉक्सची तपासणी दर २० उड्डाण तासांनी करायला लावली. २० तास म्हणजे युरोप-आफ्रिका असे दोन-चार फेरे. लांबच्या तळावर गेलेल्या विमानाबरोबर तपासणीची माणसंही न्यायची. वापरण्यासारखी विमानं किती उरतात याचा अंदाज यावरूनच येतो. त्याच वर्षी तात्पुरती दुरुस्ती मंजूर झाली, तिने दोन तपासण्यांमधलं अंतर वाढलं, आणि कायमचा उपाय नंतर आला. त्याच सुमाराला मधल्या धडाच्या काही चौकटींच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूतही भेगा दिसल्या. त्या बदलायच्या तर विमान महिनोन्महिने अंथरुणाला.

२०१६ मध्ये एअरबसने या विमानापोटी २.२ अब्ज युरोंचा तोटा हिशोबात घेतला, २०१७ मध्ये आणखी १.३ अब्ज. फेब्रुवारी २०१८ मध्ये देशांशी पुन्हा बोलणी, आणि १३ जून २०१९ ला तिसऱ्यांदा बांधलेला करार. त्यात सुपूर्दगीचा वेग मंदावला आणि क्षमतांच्या तारखा पुन्हा आखल्या.

लष्करी कामं उशिरा का होईना

उरलेल्या क्षमतांपैकी दोन हवेनेच अडवल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या दारांतून एकाच वेळी छत्रीसैनिक सोडले की रुंद धडामागचे भोवरे त्यांना विमानाच्या मधल्या रेषेकडे ओढत, आणि डाव्या दारातला माणूस उजव्या दारातल्याच्या छत्रीत अडकण्याची भीती. म्हणून बराच काळ एकाच दारातून उड्या, म्हणजे निम्मी गती आणि जमिनीवर दुप्पट लांबीत विखुरलेली तुकडी. अनेक चाचण्यांनंतर मे २०२० मध्ये दोन्ही दारांतून एका वेळी ११६ जणांना परवानगी मिळाली.

हेलिकॉप्टरला इंधन पाजणं त्याहून हट्टी निघालं. हेलिकॉप्टरला १०५ नॉटच्या आसपासच उडता येतं. तेवढ्या कमी वेगात एवढं मोठं विमान नाक वर करून, फ्लॅप काढून उडतं आणि मागची हवा ढवळून टाकतं. शिवाय हेलिकॉप्टरचे पंखे नळीच्या अगदी जवळ. उपाय साधा वाटतो : नळी लांब करा. नेहमीची ८० ते ९० फुटी, ती १२० फुटांची केली. पण तेवढी लांब नळी पंखाखालच्या त्याच डब्यात गुंडाळायची म्हणजे ती बारीकही हवी. फ्रान्सच्या एच२२५एम हेलिकॉप्टरबरोबर २०१९ मध्ये कोरडी जोडणी झाली, पुढच्या वर्षी प्रत्यक्ष इंधनासह, आणि २०२१ मध्ये मान्यता. जमिनीलगत आपोआप उडण्याचा पहिला टप्पा २०२० मध्ये मान्य झाला होता. दर वेळी तीच गत : काम होतं, पण ठरल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधून माणसं बाहेर काढताना ही विमानं अनेक देशांनी वापरली. ब्रिटनने २०२३ मध्ये आपलं २२ वं ए४००एम घेतलं आणि त्याच वर्षी हर्क्युलिस निवृत्त केली. युरोपबाहेर मलेशियानंतर कझाकस्तान आणि इंडोनेशिया यांनी दोन-दोन मागवली. १८० विमानांबरोबर मोठ्या निर्यातीची जी गणितं मांडली होती, त्यात हे आकडे फार छोटे.

भारतीय हवाई दल १८ ते ३० टनांच्या मध्यम मालवाहू विमानाच्या शोधात आहे आणि ब्राझीलच्या सी-३९० व अमेरिकेच्या सी-१३०जे यांच्या जोडीने ए४००एमचं नावही त्यात घेतलं जातं. उचलीचा आकडा पाहता हे तिघांत सर्वांत मोठं आणि महागडं. ते आलंच तर बोलणी किमतीपेक्षा गिअरबॉक्सच्या सुट्या भागांवर आणि नियंत्रण संगणकाची माहिती कोण भरणार, कोण तपासणार यावर जास्त व्हायला हवीत. सेव्हियाच्या ज्या आवारात ए४००एम जोडलं जातं, तिथूनच भारताची पहिली १६ सी-२९५ विमानं आली. उरलेली ४० वडोदऱ्यात टाटांच्या कारखान्यात बनत आहेत. सी-२९५ च्या पंखांवर पीडब्ल्यू१२७ इंजिनं आहेत. बनवणारी कंपनी प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा, २००३ च्या मे महिन्यात जिचा स्वस्त प्रस्ताव बाजूला ठेवला होता तीच.